तोटीजवळची टिपणे

१. आपत्तीत माणशी रोज किमान १५ लिटर पाणी. एका तोटीमागे २५० माणसं. तोटी ५०० मीटरच्या आत, रांग अर्ध्या तासाच्या आत. मदतकार्याच्या ‘स्फिअर’ हस्तपुस्तिकेतली ही मानकं इंजिनिअरिंगची पोरं चहा संपायच्या आत पाठ करतात.

२. वर्गातलं गणित : छावणीत ५,००० माणसं, तोट्या किती? वीस. सगळ्यांचं बरोबर. तोट्या कुठे बसवायच्या, हे कुणाला विचारणार? मागच्या बाकावरून : ‘सर, हे मार्कांना आहे का?’

३. संडासाच्या ड्रॉइंगमध्ये खड्ड्याची खोली असते, पाइपचा व्यास असतो. आतली कडी नसते.

४. १९७९ साली व्हिएतनामहून बोटींतून निसटलेली माणसं मलेशियात पोचली. त्यांच्या छावणीत काम करून आलेल्या पीटर गथ्री या ब्रिटिश इंजिनिअरने पुढच्याच वर्षी ‘रेडआर’ ही संस्था सुरू केली. अशा वेळी लागणारे इंजिनिअर हेरून ठेवायचे, तयार करायचे, हे तिचं काम. ‘रेडआर इंडिया’ पुण्यात आहे. पुण्यातल्याच कॉलेजांत कुणाला ठाऊक आहे का, विचारून बघा.

५. हापसा. सुरुवातीचे ओतीव लोखंडाचे पंप एका कुटुंबापुरते. अख्खं गाव हापसू लागलं की मोडायचे. जालना आणि सोलापूर इथे मिशनच्या कामातल्या लोकांनी दुरुस्त्या करता करता पंपच बदलला. सोलापूरच्या रचनेवरून ‘इंडिया मार्क टू’ झाला आणि आफ्रिकेत जाऊन पोचला. सतत पाने घेऊन पळावं लागणाऱ्यांचा वैताग कामी आला, असं मला वाटतं. वैतागाला आपल्याकडे क्रेडिट नाहीत.

६. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, पहाट. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद. पुनर्वसनात घरं तीन मापांची : २५०, ४५० आणि ७५० चौरस फूट. जमीन जास्त त्याला घर मोठं. रस्ते मात्र सगळ्यांना काटकोनात.

७. नळयोजना बंद. टाकी शाबूत, मोटार शाबूत, वीजबिल थकलेलं. हा धडा हायड्रॉलिक्सचा की कशाचा?

८. आयआयटी मुंबईत १९८५ साली सुरू झालेलं ‘सितारा’ केंद्र विद्यार्थ्यांना असल्याच प्रश्नांसाठी गावात धाडतं. इतरत्र एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर. शोषखड्ड्याच्या उद्घाटनाचा फोटो आहे. पावसाळ्यानंतरचा नाही.

९. तोटीशी शिल्लक क्लोरीन : लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम. पोरांचं मोजमाप चोख. ‘औषधाचा वास येतो’ म्हणून आजी ओढ्यावर निघाली. तोंडी परीक्षा आता तीच घेणार.