साठ हजारांची गार हवा

तोरंगण घाटात, कितव्या वळणावर ते आता आठवत नाही, मी समोरच्या ट्रकला ओव्हरटेक करायला बाहेर काढली आणि गाडी गेलीच नाही!

बंद नाही पडली हं. पाय पूर्ण खाली, इंजिनचा आवाज चढलेला, पण पुढे सरकायचं नाव नाही. वरून एसटी उतरत होती. मी ब्रेक मारला आणि गपगुमान ट्रकच्या मागे येऊन लागलो. एसटीच्या ड्रायव्हरनं जाता जाता काय म्हटलं ते काच बंद असल्यामुळे ऐकू आलं नाही, पण कळलं. मागच्या सीटवरून बायको म्हणाली, "अरे!" बस, एवढंच. शेजारी अप्पा, म्हणजे माझे सासरे, मांडीवरची हॉस्पिटलची फाइल दोन्ही हातांनी धरून बसले होते. ते काहीच बोलले नाहीत. दहा वाजता नाशिकला त्यांची अँजिओग्राफी होती.

घाटात ओव्हरटेक करणं हाच मुळात गाढवपणा होता, मान्य. पण तो मी केला, कारण ही गाडी जाते याची मला खात्री होती. जिच्यावर आपला भरवसा असतो तीच गाडी ऐन वेळी दगा देते, तेव्हा पोटात जो खड्डा पडतो ना, तो अजून आठवतो.

थोडं बॅकग्राउंड. मी ठाण्यात नोकरी करतो, बायको मोखाड्याची. (मोखाडा कुठे, असं विचारणाऱ्या ऑफिसमधल्या मंडळींसाठी: जव्हारच्या शेजारचा तालुका, १ ऑगस्ट २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघरमध्ये.) अप्पा आश्रमशाळेतून रिटायर झालेले मास्तर. आम्ही महिन्यातून एकदा कसाऱ्याहून विहीगाव, खोडाळा करत मोखाड्याला जातो. पावसाळ्यात हा रस्ता म्हणजे स्वर्ग असतो. मे महिन्यात मात्र नुसता तापलेला कातळ आणि पळसाची झाडं. मोठ्या डॉक्टरकडे जायचं तर मोखाड्याहून नाशिक, त्र्यंबकेश्वरमार्गे, म्हणजे सगळा चढ.

आणि गाडी? स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. २००४ साली आपल्याकडे आली तेव्हा मी शाळेत होतो आणि वहीच्या मागच्या पानावर तिची चित्रं काढायचो. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, वीस व्हॉल्व्ह, दीडशे बीएचपी! आता ती म्हातारी झालीय, माझ्याकडे आली तेव्हा तिचा तिसरा मालक कंटाळला होता. मला सगळ्यांनी वेड्यात काढलं. काढू देत.

तर त्या दिवशी आम्ही ट्रकच्या मागे रांगत त्र्यंबकला पोचलो, पुढे नाशिकला वेळेत पोचलोसुद्धा. अप्पांना एक स्टेंट घातला. आणि हॉस्पिटलच्या बाहेरच्या चहाच्या टपरीवर बसून मी मोबाइलवर काय शोधत असेन? इंटरकूलर! लाज वाटायला हवी होती, पण माणूस टेन्शनमध्ये काहीतरी आपल्या आवाक्यातलं शोधतो.

इंटरकूलरचा फंडा सोपा आहे. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूवर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. पण हवा दाबली की तापते. विश्वास नसेल तर सायकलमध्ये हवा भरल्यावर पंपाच्या टोकाला हात लावून बघा. बाहेर मे महिन्याचे चाळीस अंश असतील तर टर्बोतून निघालेली हवा सहज शंभरच्या वर जाते. गरम हवा विरळ, म्हणजे ऑक्सिजन कमी. शिवाय इंजिनचा कॉम्प्युटर घाबरतो, पेट्रोल वेळेआधी पेटू नये म्हणून स्पार्क मागे खेचतो, आणि ताकद आणखी पडते. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये एक छोटा रेडिएटर बसवतात. तोच इंटरकूलर. २००२ साली आलेल्या, नाशिकच्या कारखान्यात बनणाऱ्या स्कॉर्पिओच्या बॉनेटवरची ती रुबाबदार नाकपुडी आठवते? ती शोभेची नव्हती, खालच्या इंटरकूलरला वारा मिळावा म्हणून होती.

माझ्या गाडीत तो पुढच्या चाकासमोर, बंपरच्या कोपऱ्यात लपलेला असतो. आकार जाडजूड पुस्तकाएवढा. 'बिचारा केवढासा, म्हणून गाडी दमली' असा निष्कर्ष मी टपरीवरच काढून टाकला.

पुढचे दोन आठवडे मी ऑफिसात कमी आणि इंटरकूलरमध्ये जास्त होतो. लंच टाइममध्ये एक्सेल शीट! पहिला ऑप्शन, ज्यावर जीव जडला होता, तो फ्रंट माउंट. बंपरच्या मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत चकचकीत अॅल्युमिनियम, सोबत पाइपांचा अख्खा सेट. फिटिंगसकट साठ हजार. दुसरा, जुन्याच जागी बसणारा पण जाड कोअरचा साइड माउंट, अठरा हजार. तिसरा, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जाऊन कुठल्यातरी डिझेल गाडीचा काढून आणायचा आणि वेल्डिंग करून बसवायचा. पैसे वाचतात, पण आत आधीच्या गाडीचं काय काय अडकलंय ते देव जाणे. टर्बोनंतरच्या पाइपातून निघालेला धातूचा एक कण थेट इंजिनात जातो. तो ऑप्शन मी पहिल्याच दिवशी खोडला.

साठ हजारांचा चेक जवळपास फाडला होता. अडवलं आमच्या मेकॅनिकनं. कल्याणचा माणूस, बोलणं तिखट, बिल प्रामाणिक. त्यानं एकच विचारलं, "साहेब, गाडी कुठं दमते? हायवेला की घाटात?"

"घाटात."

"स्पीड किती असतो तिथं?"

तीस. फार तर पस्तीस.

"मग एवढ्या मोठ्या इंटरकूलरला वारा कोण घालणार, तुमचा ट्रकवाला?"

तिथे माझी ट्यूब पेटली. इंटरकूलर स्वतः काही गार करत नाही. तो आतली उष्णता बाहेरच्या वाऱ्याला देतो, आणि बाहेरच्या हवेपेक्षा गार तर तो कधीच करू शकत नाही. समृद्धीवर ताशी १२० नं जाणाऱ्यासाठी फ्रंट माउंट म्हणजे सॉलिड चीज. पण ट्रकच्या धुरात, दुसऱ्या गिअरमध्ये, वळणामागून वळण चढणाऱ्या गाडीत तो जड धातू सुरुवातीला उष्णता पितो, मग तापतो, आणि एकदा तापला की निवता निवत नाही. वर लांबच लांब पाइप. ते हवेनं भरेपर्यंत टर्बोचा जोर यायला उशीर, म्हणजे वळणातून बाहेर पडताना जेव्हा हवा तेव्हाच नाही! आणि हा दांडगा बसतो कुठे, तर एसीच्या कंडेन्सरच्या आणि रेडिएटरच्या पुढ्यात, त्यांचा वारा अडवून. मेमध्ये, सासरच्यांना घेऊन, घाटात, एसी ढिला... नको रे बाबा. किटवाल्यानं जाता जाता आणखी एक सांगितलं होतं: बसवायला बंपरच्या आतली लोखंडी पट्टी थोडी कापावी लागेल. जी पट्टी टक्कर झाली तर मधे येते, ती! चमकत्या फोटोंच्या नादात हे मी तेव्हा कानाआड केलं होतं.

मेकॅनिकनं गाडी वर घेतली, चाकाआडचं प्लास्टिक काढलं, आणि दोघंही गप्प झालो. इंटरकूलरच्या जाळीत मोखाड्याची लाल माती, वाळकं गवत आणि तेल यांचा पक्का लेप बसला होता. बंपरच्या जाळीतून वारा त्याच्यावर आणून सोडणारी प्लास्टिकची नळी, म्हणजे डक्ट, जागेवरच नव्हती. आधीच्या कुठल्यातरी मालकानं बंपर ठोकून घेतला असेल, तेव्हा ती परत लावायचं कुणालाच सुचलं नसेल. म्हणजे इतकी वर्षं त्या बिचाऱ्याला वारा लागतच नव्हता. मग त्यानं पाइपात हवेचा दाब देऊन साबणाचं पाणी मारलं. खालच्या रबरी होजवर बुडबुडे! टर्बोनं कष्टानं कोंबलेली हवा तिथून निसटत होती, आणि कॉम्प्युटर मात्र मोजलेल्या हवेच्या हिशेबानं पेट्रोल ओतत होता. सायलेन्सरचं टोक काळं का पडतं, याचं उत्तर मला फुकटात मिळालं.

घरी हे सांगितलं तेव्हा अप्पा आरामखुर्चीत होते. म्हणाले, "म्हणजे जावईबापू, ब्लॉकेज तुमच्या गाडीलाही होतंच की." पंधरा दिवसांत त्यांनी केलेला पहिला विनोद. बायको हसता हसता आत निघून गेली, ती जरा वेळानं बाहेर आली.

होज, क्लिपा, जुनी पण धड डक्ट, आणि इंटरकूलर काढून आतून-बाहेरून धुणं: साडेचार हजार. मी तोवर एक छोटा ओबीडी स्कॅनर घेतला होता. तो इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान मोबाइलवर दाखवतो. काम करण्याआधी एका रविवारी मी मुद्दाम एकट्यानं घाट चढून आलो होतो, तेव्हा माथ्यावर आकडा होता ८४. काम केल्यावर तोच घाट, तशीच दुपार, ६६. इतका फरक म्हणजे तेवढ्याच दाबाला साधारण पाच टक्के जास्त हवा. लीक बंद झाला त्याचा फायदा वेगळा. गाडी पुन्हा माझ्या वहीतली झाली.

इथे शहाणा माणूस थांबला असता. मी अठरा हजारांचा साइड माउंट घेतला. कापाकापी नाही, पाइप जुनेच, डक्ट तीच, फक्त कोअर जाड. (आधी विमा कंपनीला लेखी विचारून घेतलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांबद्दल कडक भूमिका घेतल्यापासून मी या बाबतीत भित्रा आहे, आणि तुम्हीही असा.) नवा आकडा ५९. म्हणजे साडेचार हजारांत अठरा अंश, आणि अठरा हजारांत सात. हा हिशेब मी बायकोला अजून दाखवलेला नाही. ती हा अंक वाचत असेल तर, अगं, जुना कोअर कधीतरी गळलाच असता!

पण खरं सांगायचं तर ते सात अंश मला हवे होते. ती एसटी समोरून येताना अप्पांच्या हातातली फाइल मला दिसली होती. त्यानंतर कुणी काहीही सांगितलं असतं तरी मी काहीतरी घेतलंच असतं.

यंदाच्या मेमध्ये पुन्हा चेकअप होता. तोच घाट, पुढे ट्रक, मागे आम्ही. स्कॅनरचा मोबाइल आता अप्पांकडे असतो. चष्मा नाकावर घेऊन, वर्गात हजेरी घ्यावी तसे ते दर वळणाला आकडा पुकारतात.

"एक्कावन्न... चौपन्न... चौपन्नच... जावईबापू, अठ्ठावन्न झालं हो, जरा अंतर ठेवा, त्या ट्रकचा सगळा धूर आपण घेतोय."

मी अंतर ठेवलं. वरचा सरळ रस्ता लागल्यावर ट्रकवाल्यानं हात बाहेर काढून जा म्हणून खूण केली. समोर मैलभर रिकामं. मी तिसरा टाकला.

"पंचावन्न," अप्पा म्हणाले, आणि मोबाइल डॅशबोर्डवर ठेवून त्यांनी खिडकीची वरची दांडी धरली.