७५ मिलिमीटर

हवालदारांनी प्लास्टिकच्या पिशवीतलं पत्र काउंटरवर ठेवलं. "शेठ, हात लावू नका. नुसतं बघा. कुठल्या मशीनवर निघालंय, काही सांगता येतंय का?" साताऱ्यात राजवाड्याजवळ माझं झेरॉक्सचं दुकान. सकाळपासून ते अशा दुकानांच्या पायऱ्या चढत होते. पत्र निनावी, एका गृहस्थांची अब्रू काढणारं. मजकूर मी वाचला नाही असं म्हणणार नाही.

पण नजर अडकली ती डाव्या समासात. तिथं काळे ठिपके होते, एकाखाली एक चार. फुटपट्टी धरली, प्रत्येक अंतर ७५ मिलिमीटर. लेसर प्रिंटरच्या ड्रमवर ओरखडा पडला की तो फेऱ्यागणिक कागदावर उमटतो, आणि २४ मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा घेर भरतो जवळपास तेवढाच. असे ड्रम गल्लोगल्ली आहेत, नुसत्या अंतरानं कुणाला धरता येत नाही. ओरखड्याचा आकार आणि कडेपासूनची जागाही जुळावी लागते. हा ठिपका शेपटी असलेला होता, स्वल्पविरामासारखा. बघता बघता मला घाम फुटला.

त्यांच्यासमोरच माझ्या मशीनमधून एक कोरं पान काढलं. चार स्वल्पविराम.

रिफिल करताना ड्रमला चरा गेला होता. नवा टाकायचा म्हणून मी महिनाभर चालढकल करत होतो.

"मग काढलं कुणी?" आता याला काय उत्तर देणार? पेनड्राइव्ह घेऊन दिवसभर माणसं येतात, घाईत असतात, तोंड कोण बघतं? रंगीत लेसरचं पान असतं तर कदाचित पिवळे ठिपके मिळाले असते, साध्या डोळ्यांना न दिसणारे. आमच्या धंद्याला जिचं नाव पडलं त्या झेरॉक्स कंपनीच्या डॉक्युकलर यंत्रांचे असे ठिपके अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशननं २००५ साली उलगडले. पंधरा बाय आठच्या जाळीत छपाईची तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक. माझं मशीन काळं-पांढरं. त्यात ती सोय नाही.

ड्रम कार्ट्रिजमध्येच असतो, ते बदललं की खूण गेली, म्हणून मीच म्हटलं, "साहेब, हे आत्ताच घेऊन जा." नमुन्याची पानं काढून दिली, कार्ट्रिज सीलबंद झालं, पंचनामा झाला. सगळं पुण्याला तज्ज्ञांकडे गेलं.

नवं कार्ट्रिज मी दुसऱ्या दिवशी पदरच्या पैशानं बसवलं. पत्र कुणाचं, ते अजून निघालेलं नाही.