लेक एकटी पॅरिसला गेली तेव्हा

खोटं बोलू नये, हे मी गेली अठरा वर्षं वर्गात सांगते आहे. उर्दू शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे दोन्ही भाषांत सांगते. पण २०२३ च्या रमजानच्या तोंडावर मीच माझ्या घरात, माझ्या सासूबाईंशी खोटं बोलले. म्हणाले, "अम्मा, मोठी तीन दिवस पॅरिसला जाते आहे. हॉस्टेलच्या चार मैत्रिणी आहेत सोबत."

मैत्रिणी नव्हत्या. लेक एकटीच निघाली होती.

तेव्हा ती जर्मनीत आखेनला शिकत होती. जाऊन सहा महिने झाले होते. तिथे जायच्या वेळीही नात्यात कुजबुज झाली होती, पण "शिकायला चालली आहे" या एका वाक्याने ती मिटली. मार्चमध्ये परीक्षा संपल्या, सुट्टी लागली आणि तिचा फोन आला. "अम्मी, बेकरीतल्या कामाचे थोडे पैसे साठलेत. रात्रीच्या बसने पॅरिसला जाऊन येते. वेगळा व्हिसा लागत नाही, जर्मनीचं कार्ड चालतं."

"कोण कोण जाताय?"

"कोणी नाही. मी एकटीच."

माझ्या डोळ्यांसमोर पॅरिस म्हणजे सिनेमातलं पॅरिस. जोडप्यांचं शहर. तिथे एकट्या मुलीचं काय काम? मी तसं म्हटल्यावर ती म्हणाली, "मला सुरेनला जायचंय. नूरचं घर बघायला. तूच तर सांगितली होतीस ना तिची गोष्ट?"

यावर मला काही बोलता येईना. नूर इनायत खानची गोष्ट मी दरवर्षी आठ मार्चला मुलींना सांगते. तिचे वडील हजरत इनायत खान मूळचे बडोद्याचे. त्यांचे आजोबा मौला बख्श गायकवाडांच्या दरबारातले मोठे संगीतकार. नूर वाढली पॅरिसजवळच्या सुरेन गावात, 'फजल मंजिल' नावाच्या घरात. सोर्बोनमध्ये शिकली, मुलांसाठी गोष्टी लिहायची, जातककथांचं पुस्तक केलं. पुढे महायुद्धात जून १९४३ मध्ये इंग्रजांनी तिला बिनतारी संदेश पाठवण्यासाठी जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये गुपचूप धाडलं. थोड्याच दिवसांत तिचे बहुतेक साथीदार पकडले गेले. परत ये म्हटलं तरी ती आली नाही. यंत्र घेऊन, जागा बदलत ती ऑक्टोबरपर्यंत एकटी काम करत राहिली. शेवटी कुणीतरी दगा दिला. सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. तेव्हा ती तीस वर्षांची होती.

ही गोष्ट सांगताना माझा आवाज चढतो, वर्गातल्या मुलींचे डोळे मोठे होतात. पण त्या मुली दुसऱ्यांच्या असतात. स्वतःची मुलगी त्याच शहरात तीन दिवस फिरायला एकटी निघाली, तर मी चार मैत्रिणी कुठून तरी पैदा केल्या.

मसला मला ठाऊक नाही असं नाही. मेहरमशिवाय बाईने प्रवास करावा का, याबद्दल हदीस आहेत. काही उलमा त्यांचा संबंध त्या काळच्या वाटेवरच्या धोक्याशी लावतात, काही लावत नाहीत. पण खरं सांगू? मी खोटं बोलले ते दीनच्या धाकाने नाही, मुंब्र्याच्या नणंदेच्या धाकाने. तिला कळलं की सगळ्या खानदानाला कळतं. कुवेतला नवऱ्याला फोन केला तर ते म्हणाले, "तिला जाऊ दे. अम्माला काय सांगायचं ते तू बघ." मग मी ते असं बघितलं.

लेक गुरुवारी रात्री निघाली आणि शुक्रवारी पहाटे पॅरिसच्या बर्सी बसस्थानकावर उतरली. तिचा त्या दिवशी दुसरा रोजा होता, आमचा पहिला. तिकडे चांद एक दिवस आधी झाला होता. मुसाफिराला रोज्याची सूट असते, हे मी तिला दोनदा सांगितलं. तिने ऐकलं नाही.

दुपारी तिचा पहिला फोटो आला. लांबवर आयफेल टॉवर, आणि पुढ्यात माणसाच्या छातीपर्यंत कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांचा ढीग. मागोमाग आणखी फोटो. बेकरीसमोर कचरा, फुलांच्या दुकानासमोर कचरा. मी विचारलं, "हेच का गं ते पॅरिस?" तर कळलं, सरकार निवृत्तीचं वय बासष्टवरून चौसष्ट करत होतं, म्हणून सफाई कामगार जवळजवळ तीन आठवडे संपावर होते. मला हसू आलं. आमचाही जुन्या पेन्शनचा संप आत्ताच २० मार्चला मिटला होता आणि त्यात मीही होते. ज्या शहराची इतकी भीती घेतली होती, ते एकदम ओळखीचं वाटलं. तिथेही लोक म्हातारपणाच्या भाकरीसाठी रस्त्यावर उतरतात.

सासूबाईंनी चष्मा लावून फोटो पाहिले. त्यांनी कधीकाळी 'अॅन इव्हनिंग इन पॅरिस' पाहिला होता. "शम्मी कपूरच्या वेळी कचरा नव्हता," एवढंच म्हणाल्या. मग विचारलं, "मुली दिसत नाहीत कुठं फोटोत?"

"फोटो त्याच काढतायत ना," मी म्हटलं. एका खोट्याच्या पाठीवर दुसरं खोटं असं बसतं.

संध्याकाळी लेक तिथल्या मोठ्या मशिदीत गेली. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढून मेलेल्या मुसलमान सैनिकांची आठवण म्हणून ही मशीद बांधली. १९२६ मध्ये खुली झाली. हिरव्या कौलांची, तेहतीस मीटर उंच चौकोनी मिनाराची. आपल्याकडे मिनार गोल बघायची सवय, म्हणून तिला ती आधी मशीद वाटेचना. पॅरिसची मगरिब सात वाजून गेल्यावर. ती बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून बसली. पिशवीत पाण्याची बाटली आणि एक केळं. शेजारी अल्जीरियाची एक म्हातारी होती. तिने हिच्याकडे बघून विचारलं, "तूत सोल?"

लेकीला फ्रेंच येत नाही. पण हे दोन शब्द तिने सकाळपासून तीनदा ऐकले होते. हॉस्टेलच्या काउंटरवर, एका दुकानात, आणि आता इथे. अर्थ शोधून ठेवला होता: अगदी एकटी? तिने मान हलवली. म्हातारीने आपल्या अंगाखालचा गालिचा सरकवून तिला जागा केली, हातावर तीन खजूर ठेवले आणि डब्यातलं सूप झाकणात ओतून दिलं. ती 'रमदान' म्हणत होती, ही 'रमजान'. बाकी कळण्यासारखं सगळं कळलं.

"अम्मी," ती रात्री म्हणाली, "विचारलं सगळ्यांनी. पण आपल्याकडे विचारतात तसं नाही. विचारलं आणि जागा दिली."

त्या रात्री मला झोप नव्हती. तिच्या हॉस्टेलच्या खोलीत सहा पलंग, सगळ्या अनोळखी मुली. सहरीला कुणाची झोप मोडू नये म्हणून तिने बाहेर जिन्यावर बसून पाव आणि चीज खाल्लं. आदल्या रात्रीच घेऊन ठेवलं होतं.

शनिवारी ती लूव्र संग्रहालयात गेली. युरोपात राहणाऱ्या सव्वीस वर्षांखालच्या मुलांना तिथे फुकट प्रवेश आहे, ऑनलाइन वेळ तेवढी आधी घ्यावी लागते. मोनालिसासमोर गर्दीत धक्के खाऊन ती इस्लामी कलेच्या दालनात आली. तिथे काचेत पितळेचं एक मोठं घंगाळ आहे, त्यावर सोन्याचांदीचं जडावकाम. मामलुकांच्या काळातलं हे भांडं फ्रान्सच्या राजघराण्यात पोचलं आणि तिथल्या राजपुत्रांचा बाप्तिस्मा त्यात होऊ लागला. तेरावा लुई राजाही त्यातलाच. कारागिराने त्यावर आपलं नाव कोरलं आहे, एकदा नव्हे, सहा वेळा. लेक काचेला नाक लावून ती अक्षरं लावत बसली. उर्दू मी तिला पाटीवर शिकवली होती, तेव्हा ती कंटाळून रडायची. तीच अक्षरं होती. 'अमल अल्-मुअल्लिम मुहम्मद इब्न अल्-जैन.' मुअल्लिम मुहम्मद इब्न अल्-जैन याने केलेलं काम.

मुअल्लिम म्हणजे तिथे उस्ताद कारागीर. आमच्या घरात मुअल्लिम म्हणजे शिक्षक, म्हणजे मी.

तिने मला लिहिलं, "अम्मी, मला वाचता आलं! आणि मी बोलायला मागे वळले तर मागे कोणीच नव्हतं. रात्री रस्त्यावर नाही वाटलं, हॉस्टेलात नाही वाटलं. एकटं वाटलं ते तेवढ्यात."

तो निरोप मी स्वयंपाकघरात उभी राहून वाचला. मी भीत होते भलत्याच गोष्टींना. पोरीला धाक नडला नव्हता, आनंद वाटायला माणूस नव्हतं ते नडलं होतं.

रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे गेली. त्या दिवशी ती ट्रामने सुरेनला गेली. चढावरच्या शांत रस्त्यावर ते घर आहे. भिंतीवर नूरच्या नावाची पाटी. आमची इफ्तार झाली होती, तिकडे दुपारचे चार. तिने व्हिडिओ कॉल लावला, घर दाखवलं, पाटी दाखवली, वरून दूरवर दिसणारं पॅरिस दाखवलं. फोन सासूबाईंच्या हातात होता.

"तुझा रोजा अजून बाकी ना गो? आणि त्या चौघी कुठं आहेत? दाखव की जरा."

माझं खोटं मी लेकीला सांगितलंच नव्हतं.

"कोण चौघी, दादी? मी एकटीच आलेय."

सासूबाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. मगरिबच्या आत मुक्कामाला पोच. अल्लाहच्या हवाली." आणि फोन माझ्याकडे दिला. माझ्याकडे बघितलं नाही.

तरावीह झाल्यावर त्या ओटीवर बसल्या होत्या. मी जाऊन शेजारी बसले. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याच बोलल्या. "७४ साली मी तिच्याच वयाची. तुझा नवरा दोन वर्षांचा. तार आली की ह्यांची बोट दोन दिवस मुंबईला लागते. सासरे आजारी, कोण येणार सोबत? जयगडला पडावात बसले, पडावातून आगबोटीत चढले, पोर कडेवर. सकाळी भाऊचा धक्का. न्यायला कोणी नाही. विचारत विचारत गेले. त्याला कोणी एका शब्दाने नावं ठेवली नाहीत. का माहीत आहे?"

मी काही बोलले नाही.

"गरज होती म्हणून. बाई गरजेला एकटी गेली तर चालते. शिकायला गेली तरी चालते आता. हौसेने गेली की लोकांना पोटात दुखतं. तुलाही तेच दुखलं. आणि त्याचं खापर तू माझ्या डोक्यावर फोडलंस, की अम्माला चालणार नाही."

थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "ह्यांची बोट गेल्यावर माझ्याकडे आणखी एक दिवस होता. राणीची बाग बघायची होती. नाही गेले. एकटी कशी जायची, म्हणून."

मी त्यांच्यासमोर नूरचं नाव घेतलं नाही. माझ्या अठरा वर्षांच्या भाषणांपेक्षा ती न पाहिलेली बाग मोठी होती.

लेक सोमवारी सकाळी आखेनला सुखरूप पोचली. दुपारी सासूबाईंनी स्वतः मुंब्र्याला फोन लावला. मी आतून ऐकत होते. "हो, पॅरिसला. एकटी गेली होती. हौस म्हणून." पलीकडून नणंद बराच वेळ बोलत होती. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि इफ्तारीला काय करतेस, असं विचारलं.

बातमी गावात फिरायला दोन दिवस लागले. रमजानमुळे शाळा सकाळची होती. आठवीच्या वर्गात हजेरी घेत होते. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "टीचर, तुमची मुलगी फ्रान्सला गेली होती ना? सोबत कोण होतं?"

बत्तीस मुली माझ्याकडे बघत होत्या.

"कोणी नाही," मी म्हटलं. "एकटीच गेली होती. फिरायला."