मित्रभावाचा रस्ता

मी काही प्रवासवर्णनवाला लेखक नाही. सूतगिरणीत रिंगखात्यात आठ-आठ तास उभा राहणारा माणूस. दोन वर्षांचा बोनस नि ओव्हरटाइम साठवून २०२५ च्या एप्रिलात थायलंडला गेलो. खात्यातले डोळे मिचकावून म्हणाले, ‘बँकॉकला कशाला जात्यात ते ठावं हाय आमाला!’ म्हटलं, बुद्धाला मानणाऱ्या देशात माणूस बसमध्ये माणसाशेजारी कसा बसतो, तेवढंच बघायचंय.

१३ एप्रिलची रात्र. बँकॉकचा मोचित स्टँड. सोंगक्रान, म्हणजे त्यांचं जुनं नवं वर्ष. शब्द आपल्याच संक्रांतीचा. ईशान्येकडचा इसान हा कोरडवाहू, गरीब मुलूख. तिथली पोरं बँकॉकच्या कारखान्यांत, बांधकामांवर राबतात नि सणाला गावी पळतात. खोकी, बोचकी, कडेवर लेकरं. सरकारी बसला लोक नुसतं ‘बॉखॉसॉ’ म्हणतात, आपण एस्टी म्हणतो तसं. जादा गाडीत खोनकेनपर्यंत जागा मिळाली. साडेचारशे किलोमीटर.

शेजारी एक कामगार. मोबाइलवरच्या भाषांतरानं आम्ही बोललो. पगार किती, पाळी कितीची, घरी कोण. त्यानं चिकट भाताची पिशवी उघडून माझ्यापुढं धरली. एका पिशवीत दोघांचे हात. आडनाव त्यानं विचारलंच नाही. तिकडं आडनाव लावायचा कायदाच मुळी १९१३ सालचा. एकमेकांना हाक मारतात ती पहिल्या नावानं. आपल्याकडं बसमध्ये शेजारी बसलेला पहिलं गाव विचारतो, मग आडनाव, मग खिडकीबाहेर बघत बसतो. हे तुम्हाला काय सांगायचं!

त्या हमरस्त्याचं नाव मित्रफाप. म्हणजे मित्रभाव. त्याचा पहिला टप्पा १९५८ साली अमेरिकेच्या पैशानं झाला. नाव मैत्रीचं, हिशोब शीतयुद्धाचा.

पण दोस्तहो, लगेच भोळं होऊ नका. कोराटला एक भिक्खू चढले. पुढच्या सीटवरची बाई गुमान उठून मागं गेली. बाईनं भिक्खूला शिवायचं नाही. बायकांना दीक्षा देऊ नये असा तिथल्या संघाचा १९२८ चा हुकूम आजही उठलेला नाही. माझा शेजारीही म्हणाला, आमच्या बोलीला नि काळ्या कातडीला शहरातले हसतात. बुद्धाची मूर्ती ड्रायव्हरसमोर असली म्हणून समता आपोआप गाडीत चढत नाही. तिला हात धरून वर घ्यावं लागतं.

सकाळी खोनकेन. तारीख १४ एप्रिल. बाबासाहेबांची जयंती, नि मी परक्या स्टँडवर एकटा. आठ वाजता भोंग्यावर राष्ट्रगीत लागलं, सगळा स्टँड जागच्या जागी उभा. मीही उभा राहिलो, मनात जयभीम म्हणत.

बाहेर रस्त्यावर पाणीच पाणी. येईल त्याला भिजवायचं, हाच सण. एका म्हातारीनं वाडग्यातलं मोगऱ्याचं पाणी माझ्या खांद्यावर ओतलं. मी दचकलो. माझे हात आपोआप पुढं झाले नि ओंजळ झाली.

ही ओंजळ माझी नव्हती. आजीची होती. गावच्या विहिरीवर ती दुपारभर बसून राहायची, ‘घोटभर पानी वाढ गं माय’ म्हणत. मग कुणीतरी वरून, लांबून धार सोडायचं. निम्मं मातीत. मी ते पाहिलं नाही, ऐकलंय. हातांनी मात्र कधी शिकून घेतलं कुणास ठाऊक.

म्हातारी हसली. तिनं एका हातानं माझी ओंजळ खालून धरली नि दुसऱ्या हातानं काठोकाठ भरली. तिचा हात माझ्या हाताला लागलेला. ओला, खरबरीत, कामाचा हात.

महाडला १९२७ साली बाबासाहेब तळ्यात उतरले ते काय नुसत्या तहानेपायी? हे मी पुस्तकात वाचलं होतं. कळलं त्या दिवशी, रस्त्यावर.

आजीला सांगायला ती आता नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय.