डाव्या पायाचा हिशेब

सिम रेसिंगवर पैसे घालवायचे म्हटलं की सगळे आधी स्टीअरिंगकडे धावतात. फोटोत तेच भारी दिसतं ना! पण लॅप टाइम पायात असतो, त्यातही डाव्या.

मोंझाची मुख्य स्ट्रेट घ्या. सुसाट यायचं, पहिल्या शिकेनआधी जोरात ब्रेक दाबायचा आणि गाडी वळायला लागली की तोच ब्रेक हळूहळू सोडत न्यायचा. फॉर्म्युला वनच्या गाडीला एबीएस नसतं. थोडा जास्त दाबलात की पुढची चाकं लॉक, गाडी नाकासमोर सरळ.

माझ्या जुन्या जी-२९च्या पेडलमध्ये पोटेंशिओमीटर आहे. पेडल किती खाली गेलं, एवढंच त्याला कळतं. लोड सेलला कळतं पाय किती जोर लावतोय ते. दाबाने धातू किंचित वाकतो, त्यावर चिकटवलेल्या स्ट्रेन गेजचा रेझिस्टन्स बदलतो, झालं. (व्हीटस्टन ब्रिज पाच मार्कांपलीकडे कधी कामाला येईल असं कॉलेजात वाटलं नव्हतं.) खऱ्या गाडीचा ब्रेकही असाच. एका मर्यादेनंतर पेडल फारसं हलत नाही, नुसतं कडक होत जातं. आणि पायाला अंतरापेक्षा जोर जास्त नेमका लक्षात राहतो.

म्हणजे लोड सेल हवाच. प्रश्न कितीचा, हा. नेदरलँड्सच्या ह्युसिंकव्हेल्डचे स्प्रिंट पेडल ६५ किलोंपर्यंतचा जोर घेतात, अल्टिमेट प्लस १४० पर्यंत. मन अर्थातच १४० वर गेलं. पण एवढा जोर चाकांच्या ऑफिस खुर्चीत बसून लावला तर पेडल जागेवर राहील आणि मी मागच्या भिंतीला लागेन. त्यासाठी ॲल्युमिनियम प्रोफाइलचा रिग हवा, आणि रिगला जागा. आमच्या दोन खोल्यांत मोकळी भिंत एकच. तिथे बाबांचा पलंग यायचाय.

बाबांनी तीस वर्षं ट्रक चालवला. क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला, असं ते स्वतःच म्हणतात. डॉक्टर म्हणतात बदला, बाबा म्हणतात बघू. मी त्यांना फोनवर पेडल दाखवले तर त्यांनी दोनच प्रश्न विचारले. डाव्या पायाने ब्रेक? आणि मुद्दाम कडक? त्यांच्या काळात पेडल हलकं करून देणारा मेकॅनिक देवमाणूस असायचा.

तेव्हा १४० बाद. स्प्रिंटच घेईन, तेही चाळीसेक किलोंवर लावून. लोड सेलला कमी जोरही तितकाच नेमका कळतो. रिग घडी होणारा. तो ६५ किलोंना थोडा लवचेल, लवचू दे.

पेडल सध्या कार्टमध्येच आहेत. किंमत आणि वर कस्टम्स मिळून जो आकडा होतो, त्याला हात लावलेला नाही. ऑपरेशनला विमा किती देणार ते कळायचंय, आणि बाबा अजून ‘बघू’वरच आहेत.