वहीबाहेरचा वाचक

मराठी शिकवताना निबंधाच्या वह्यांत मला एक गोष्ट कायम दिसत आली आहे. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ म्हटलं की निम्म्या वह्यांत काळे ढग दाटून येतात, बेडूक डराव डराव करतात आणि शेवटी बळीराजा सुखावतो. मुलं गाइडमधून उतरवतात म्हणून आपण चिडतो. पण त्यांचा हिशेब चोख असतो. वाचणारा एकच, तोही गुण देण्यापुरता. मग जास्तीचे कष्ट कशाला? तीच मुलं भित्तिपत्रकासाठी लिहू लागली की चित्र पालटतं. ‘आमच्या शेळीला दोन करडं झाली’ एवढ्यावर भागत नाही. वाचणारी पोरं विचारतात, कुठली शेळी, काळी की ठिपक्यांची? करडं दूध पितात का? पुढच्या मजकुरात ही उत्तरं न सांगता येतात. ‘तपशील लिहा’ या लाल शेऱ्याने जे साधत नाही, ते वाचकाच्या प्रश्नाने साधतं. म्हणून मुलांच्या लेखनाला शिक्षकापलीकडचा वाचक हवा, असं माझं ठाम मत आहे.

हा विचार जुनाच आहे. साने गुरुजी अमळनेरला छात्रालयातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. पण लिहिणारे मुख्यतः गुरुजीच. सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाने १९२०च्या दशकात पुढचं पाऊल टाकलं. बार-सुर-लू या डोंगरातल्या गावी त्याने वर्गातच छोटा छापखाना आणला. मुलांनी मनाने लिहायचं, वर्गाने मत देऊन मजकूर निवडायचा, सगळ्यांनी मिळून तो सुधारायचा आणि खिळे जुळवून छापायचा. ही पानं फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतातल्या समुद्रकाठच्या शाळेत जात, तिथली इकडे येत. आपलं गाव न पाहिलेल्या मुलांसाठी लिहायचं, तर ते नीट समजावूनच सांगावं लागतं.

आक्षेप ठरलेले आहेत. ‘पोर्शन कधी संपवायचा?’ दहावीच्या उपयोजित लेखनात बातमी, जाहिरात, पत्र आहेच. भित्तिपत्रकात त्याचाच सराव होतो. ‘चुका चव्हाट्यावर येतील.’ येऊ नयेत, म्हणून कच्चा मजकूर आधी मित्राने वाचावा, मग शिक्षकाने. लोक वाचणार म्हटल्यावर ऱ्हस्व-दीर्घ मुलं स्वतःहून विचारायला येतात. घरातलं खाजगी काही असेल, तर मुलाला विचारल्याशिवाय लावू नये. तिसरा आक्षेप मात्र खरा आहे: चार हुशार मुलंच लिहितात. पण दोष आपल्या निवडीचा आहे. उत्तम तेवढंच लावायचं ठरवलं की बाकीचे गप्प बसतात. पाळी लावली, की दोन ओळी लिहिणाऱ्यालाही जागा मिळते. शाळातपासणीच्या आदल्या दिवशी शिक्षकांच्याच सुबक अक्षरात सजणारं भित्तिपत्रक मात्र काही कामाचं नाही. कार्डशीट मुलांच्या हाती द्या, अक्षर वेडंवाकडं असू द्या, आणि दर आठवड्याला भित्तिपत्रक बदला.