मिशी आधी, टक्कलही आधी?

आमच्या होस्टेलवर दोन गोष्टींची कायम टंचाई. एक गरम पाणी आणि दुसरी, थर्ड इयरनंतर डोक्यावरचे केस! रविवारी आरशासमोरची गर्दी दाढीसाठी कमी आणि कपाळ मोजायला जास्त. प्रत्येकाची थिअरी तयार. कोणी म्हणतं बोअरचं पाणी, कोणी म्हणतं मेसचं तेल, कोणी म्हणतं व्हायव्हाचं टेन्शन. माझ्यासाठी मात्र स्पेशल थिअरी : "तुला सातवीतच मिशी आली होती ना बे? मग जाणारच केस!"

हे मी हसण्यावारी नेत होतो. पण मागच्या महिन्यात साकोलीहून धाकट्या भावाचा फोन आला. वय 12, आवाज नुकताच फुटलेला. हळूच विचारतो, "दादा, माझे पण केस जातील का?" त्यालाही वर्गात कोणीतरी हेच सांगितलेलं. मग म्हटलं, बघूच खरं काय ते.

मित्रांनो, या थिअरीत थोडं तथ्य आहे. हॅमिल्टन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1942 मध्ये दाखवलं की वयात येण्याआधीच ज्यांचे वृषण काढले गेले त्यांना टक्कल पडत नाही. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावरही सर्वांना पडलं नाही. ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांनाच पडलं. म्हणजे हार्मोन हा स्विच, पण वायरिंग आनुवंशिक! टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी बनतं आणि संवेदनशील मुळांना ते हळूहळू बारीक करतं. मागच्या-बाजूच्या केसांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून तिथली झालर शाबूत राहते.

पुढे 2017 मध्ये जर्मनीतील बॉन विद्यापीठाच्या गटाने लवकर टक्कल पडलेल्या 10 हजारांहून अधिक पुरुषांचे जीन्स तपासले. तेव्हा लवकर वयात येणं आणि टक्कल यांचे काही जीन्स सामाईक निघाले. पण सामाईक जीन्स म्हणजे एक दुसऱ्याचं कारण नव्हे. सातवीत मिशी आलेले आणि साठीतही दाट केस असलेले काका प्रत्येक गावात सापडतील. आणि दोष एकट्या मामाला देऊ नका. आईकडून येणारा एक्स क्रोमोसोम महत्त्वाचा खरा, पण बाबांकडचे जीन्सही त्यात आहेत.

हां, सगळीच केसगळती अशी नसते. जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यात बायका-पोरांचेही केस काही दिवसांत गेले, ते प्रकरणच वेगळं. तसं अचानक झालं, किंवा मुलगा नऊच्या आधीच वयात येऊ लागला, तर सरळ डॉक्टरांकडे जावं. रूममेटच्या सल्ल्याने गोळ्या मात्र खाऊ नयेत.

भावाला एवढंच सांगितलं, "मिशीने काही ठरत नाही. आणि गेलेच केस, तर दोघं मिळून कंगव्याचे पैसे वाचवू!" तो मोठ्याने हसला. बाराव्या वर्षी पोरानं आरशाला घाबरू नये, एवढं तर आपण मोठ्यांनी बघायलाच हवं. नाही का?